घासीव काचेची खरखरीत बाजू

३ मार्च, सोमवार

खर्रर्र — खर्रर्र — खर्रर्र —

पहाटे झोपेत ऐकला. साठ-पासष्ट वर्षांनी! आप्पा काच घासायचे तो आवाज. मोठी काच पाटावर आडवी, तिच्यावर कुरुंदाच्या दगडाची ओली पूड, पुडीवर तळहाताएवढा काचेचा तुकडा, आणि आप्पांचा हात आठाचा आकडा काढत फिरतोय. आम्ही भावंडं त्याच आवाजावर झोपायचो आणि त्याच आवाजावर उठायचो. इतर मुलांना आई अंगाई म्हणायची. आम्हाला कुरुंद.

आवाज उगाच नाही आला. काल न्हाणीघराच्या खिडकीची काच फुटली. फुटली म्हणजे — मीच फोडली. ती आप्पांच्या हातची होती. हा फ्लॅट घेतला तेव्हा त्यांनी स्वतः घासून आणून दिलेली. त्यानंतर त्यांनी काच घासली नाही.

फुटली कशी, ते चिरंजीवांना सांगताना मला ब्रह्मांड आठवलं. पाचवीत आम्हाला वादळाची एक कविता होती. मास्तर ती हावभावांसहित म्हणवून घेत. वीज कडाडते तिथं उजवा हात वर, जहाज कलतं तिथं कमरेतून डावीकडे. आता आंघोळीत कविता म्हणायची आणि हातवारे करायचे नाहीत, हे कसं जमायचं? वीज कडाडली, हातात मग होता, तो निसटला. बस्स.

चिरंजीव म्हणाले, "बाबा, आंघोळ करता की गॅदरिंग?"

सूनबाईंनी भोकाला बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा लावला. आता आंघोळ करताना समोर एक गुटगुटीत बाळ हसतं. फार अवघडल्यासारखं होतं.

मग जेवताना चिरंजीवांनी ते वाक्य काढलंच. "बाबा, थोडे दिवस ताईकडे राहून या ना."

ताई म्हणजे माझी थोरली. दुसऱ्या गावी असते. गुणाची आहे, पण प्रश्न तो नाही. प्रश्न "थोडे दिवस"चा आहे. आमच्या पाणीपट्टी कचेरीत एका खुर्चीवर "तात्पुरती व्यवस्था" अशी चिठ्ठी होती. मी निवृत्त झालो तेव्हा ती खुर्चीही माझ्याबरोबर निवृत्त झाली. चिठ्ठीसकट.

या वर्षातले माझे अपराध त्यांनी मोजून दाखवले. दूध गॅसवर ठेवून गच्चीत गेलो (ढग बघायला). किल्ली दाराला बाहेरून लावून झोपलो. आणि आता काच. तिन्ही खरे आहेत. दूध उतू गेलं तेव्हा ढग मात्र फार सुरेख होते, हे मी बोललो नाही.

४ मार्च

आज पैजच लागली म्हणायची!

चिरंजीव साधी काच बसवून तिच्यावर चिकटकागद लावणार होते. "दोन मिनिटांचं काम," म्हणाले. आप्पांच्या काचेच्या जागी चिकटकागद! माझ्या तोंडून निघून गेलं, "मी घासतो काच. हातानं. आप्पांसारखी."

सूनबाईंच्या हातातली पोळी हातातच राहिली. "बाबा, तुम्ही?"

"मीच. लहानपणी अर्धा कारखाना मी बघितलाय."

"बघितलाय," चिरंजीव म्हणाले. या पोराचा एकेक शब्द असा टाचणीसारखा.

मग मलाही चेव आला. म्हटलं, "काच नीट झाली तर माझ्या जाण्याचा विषय पुन्हा काढायचा नाही. काही घोळ झाला, तर मी स्वतः पिशवी भरीन. कुणी सांगायला नको."

"शब्द?"

"शब्द!"

वरच्या पट्टीत म्हटलं. ऐकायला फार छान वाटलं. आता लिहिताना हिशेब कळतोय. ही खोली, ही खिडकी, ही पुस्तकांची फळी, सूनबाईंचा चारचा चहा — हे सगळं मी एका वाक्यात पणाला लावलं. कविता पाठ असलेल्या माणसाला जोशात बोलू देऊ नये.

५ मार्च

काचवाल्याकडे गेलो. कोपऱ्यावरचाच. जाडजूड, गप्पिष्ट, दुकानात आरसे इतके की तो एकटाच सात-आठ जणांसारखा दिसतो.

"आजोबा, घासायची कशाला? तयार मिळते की! डिझाइनची. हंस आहे, गुलाब आहे, डॉल्फिन आहे."

"न्हाणीघरात डॉल्फिन कशाला?"

"पाण्यातलाच प्राणी ना तो?"

मी म्हटलं, साधी दे, कोरी दे, आणि कुरुंदाची पूड असली तर दे. त्यानं फळीमागून एक गंजका डबा काढला. त्याच्या काकाच्या काळातला. डबा उघडताना तो म्हणाला, "घासून मिळणार काय तुम्हाला?"

"वडिलांची आठवण."

"ती न घासता येत नाही का?"

मी पैसे मोजले. काच वर्तमानपत्रात गुंडाळून घेतली. तो म्हणाला, "तुम्ही रस्त्यानं जाऊ नका बाबा ती घेऊन, मीच पोचवतो." काचेची काळजी की माझी, विचारलं नाही.

७ मार्च

सुरुवात केली. गच्चीवर पाट, पाटावर जुनी चादर, चादरीवर काच. पूड भिजवली. पहिला आठ काढला —

खर्रर्र!

डोळ्यांत पाणीच आलं. अगदी तोच! हात थांबवला तर आवाज थांबला, तेव्हा कळलं की हा आता मी करतोय, आप्पा नाहीत.

सगळा कारखाना समोर आला. कारखाना म्हणजे एक खोली आणि तिच्यासमोरची पडवी. "दुधी काच" कुणी म्हटलं की आप्पा भडकायचे. "दुधी भोपळा असतो. ही घासीव काच!" प्रयोगशाळांच्या बाटल्यांची बुचं यायची घासायला. बुचाची मान आणि बाटलीचं तोंड एकमेकांत घालून पूड लावून फिरवायचं, मग ती जोडी अशी बसे की थेंब गळत नसे. प्रत्येक बुचाची बाटली ठरलेली. दुसरीला लागत नाही. आई म्हणायची, "यापेक्षा आपल्या लग्नाची जमवाजमव सोपी होती."

आणि फोटोवाल्याची काच! त्याच्या खोक्यासारख्या कॅमेऱ्याच्या पाठीमागे लागायची. ती सगळ्यांत बारीक घासायची, धुक्यासारखी. एकदा त्यानं बदल्यात आमचा फोटो काढला, आणि आधी मला काळ्या कापडाखाली घेऊन दाखवलं. काचेवर आमचं घर उलटं! आप्पा उलटे, भावंडं उलटी, आई डोक्यावर उभी आणि तोंडाला पदर लावून हसतेय. छापलेल्या फोटोत सगळे सुलटे आणि गंभीर आले. मला विचाराल तर खरा फोटो तो उलटाच होता.

खालून सूनबाईंचा आवाज, "बाबा, दात आंबले हो माझे!"

समोरच्या इमारतीतून आणखी एक. मधला बोळ अरुंद. आमच्या न्हाणीघरासमोर बरोब्बर त्यांचं स्वयंपाकघर येतं. निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. एकट्या राहतात, आवाज अजून नोकरीत आहे. "अहो! हे किती दिवस चालणार आहे?"

मी म्हटलं, "काच पूर्ण होईपर्यंत."

"हे उत्तर नाही. हे वाक्य आहे."

८ मार्च

हात खांद्यापासून गेला. कविता बंद, घासणं चालू.

१० मार्च, सोमवार

अर्ध्याहून जास्त झाली. आज सूनबाई आपणहून वर आल्या, पाण्याचा तांब्या घेऊन. जरा बसल्या. म्हणाल्या, "बाबा, याचा उपयोग नक्की काय पण? काच घ्यायची दिसण्यासाठी, आणि मग घासायची न दिसण्यासाठी?"

मी त्यांना आमच्या साहेबांच्या केबिनचं दार सांगितलं. त्याला घासीव काच. आत साहेब म्हणजे एक तपकिरी ढग. तीस वर्षं आम्ही त्या ढगावरून हवामान ओळखलं. ढग सरळ असला की सही मिळते. ढग पुढे झुकला, थांबा. ढग मागेपुढे हलतोय, घरून फोन आलाय, आज कुणीही जाऊ नका. एकदा ढग दोन तास जागचा हलला नाही. आम्ही घाबरलो, शिपायानं दार ढकललं. खुर्चीवर कोट होता. साहेब कधीच घरी गेले होते!

सूनबाई खूप हसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे उजेड येतो, माणूस येत नाही."

मी बघतच राहिलो. इतक्या वर्षांत मला हे असं सांगता आलं नाही. दोन ओळी केल्या आहेत, पण त्यांच्या वाक्यापुढे फिक्याच —

उजेडास जी आत बोलवी, नजरेला ना येऊ दे,
अशी शहाणी काच कुणाला विधात्या, न्हाणी-न्हाणी दे!

दुसरी ओळ लंगडते. मास्तरांनी कान धरला असता.

संध्याकाळी थोरलीचा फोन. चिरंजीवांनी तिला आधीच विचारून ठेवलेलं दिसलं. म्हणजे पैज चालू असताना! मी म्हटलं, मी काही येणार नाही, काच छान होते आहे. तिनं माझ्या औषधांची चौकशी केली. मग म्हणाली, "बाबा, तुमची खोली अजून तशीच आहे का हो? खिडकीखाली कॉट?" म्हटलं, तशीच. किती माया पोरीला! आवाज मात्र जिन्यातून बोलल्यासारखा येत होता.

१३ मार्च

झाली!!

धुतली, पुसली, उन्हात धरली. पहाटेचं धुकं कुणीतरी चौकोनी कापून आणावं तशी! एक ओरखडा नाही. माझेच हात मला दुसऱ्याचे वाटले.

सूनबाईंनी काचेमागे हात धरला. लांब होता तोवर नुसती सावली, काचेला टेकला तेव्हा बोटं उमटली. "कमाल आहे बाबा."

चिरंजीवांनी चष्मा कपाळावर चढवला, कडेकडेनं बोट फिरवलं, काही खोट काढायला. मिळाली नाही. शेवटी म्हणाले, "बरी झालीय."

बरी! या घराण्यात एवढं म्हणजे शाल-श्रीफळ.

१४ मार्च

काचवाला बसवून गेला. पुट्टी लावता लावता त्यानं विचारलं, "आजोबा, खरखरीत बाजू कुठं करू? आत का बाहेर?"

मी म्हटलं, "आत."

"आत?"

"आतच. बाहेर ठेवली तर धूळ बसेल, आणि..."

आणि पुढचं मी त्याला सांगितलं नाही. रोज आंघोळ करताना हात लावता येईल म्हणून. तो खरखरीतपणा बोटांना लागला की आप्पांचा तळवा हातात घेतल्यासारखं होतं.

"तुम्ही म्हणाल तसं," तो म्हणाला. "मी नुसता बसवणारा. आंघोळ तुमची."

बिस्किटांचं बाळ शेवटी कचऱ्यात गेलं. जाताना हसतच होतं.

जेवताना चिरंजीव स्वतःहून म्हणाले, "ठीक आहे बाबा. ताईकडचं राहू दे." सूनबाईंनी माझ्या पानात खीर वाढली. दोनदा.

जिंकलो!

१५ मार्च

नव्या काचेसमोर पहिली आंघोळ. काय उजेड! वादळाची कविता पहिल्यापासून शेवटपर्यंत, सगळ्या हावभावांसकट. नवा मग प्लॅस्टिकचा आहे. वीज कडाडली की मगातलं पाणी सरळ काचेवर. नुसती बहार.

जहाज कललं तेव्हा समोर कुणाचं तरी भांडं पडल्याचा आवाज आला.

१७ मार्च

मुख्याध्यापिकाबाईंनी स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली. धाडकन. एवढा छान वारा सुटलेला असताना! आज मी पहाटेवरची कविता म्हणत होतो. बहुधा ऐकू जात नसेल. उद्या जरा मोठ्यानं म्हणावी.

१९ मार्च

मोठ्यानं म्हटली. गच्चीतून दिसलं, आता त्यांनी खिडकीला पडदा लावलाय. पडद्यामागे काहीतरी उंच उभं केलंय, बहुतेक इस्त्रीचं टेबल. जन्मभर शाळेत काढून कवितेचा एवढा तिटकारा! वाईट वाटलं. कुणाकुणाचं मन अकाली वाळतं.

संध्याकाळी बोळाच्या तोंडाशी भेटल्या. मी नमस्कार केला. त्यांनी आभाळाकडे बघून नमस्कार केला.

२२ मार्च, शनिवार

लिहावं की नाही कळत नाही. लिहितो. या पानांना काय, ती कुणाकडे बोलणार आहेत?

सकाळी सूनबाई न्हाणीघर धुवायला गेल्या. भिंतींवर बादलीनं पाणी मारलं. आणि एकदम किंचाळल्या, "अहो! इकडे या! बाबा! सगळे या!"

धावलो. काच — आप्पांची, म्हणजे माझी, धुक्यासारखी काच — नव्हतीच! तिच्या जागी लख्ख आरपार खिडकी. समोर मुख्याध्यापिकाबाईंचं स्वयंपाकघर. पडदा धुवायला काढलेला, टेबल बाजूला. ओट्यावर बरण्या, बरण्यांवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या, "साखर" वाचता येत होतं. आणि ओट्याशी त्या स्वतः, हातात कप, आमच्याकडे बघत.

आम्ही तिघं एका चौकटीत उभे. फोटोवाल्यासमोर असावं तसे.

त्यांनी कप ठेवला आणि पाठ फिरवली.

काच वाळत आली तसं धुकं हळूहळू परत आलं. जणू काही झालंच नाही. बेरकी काच!

आणि मग मला आठवलं. आत्ता आठवलं! आप्पा खोलीत बसून घासत, आणि दार वाजलं की उठत नसत. थुंकी लावलेला अंगठा खिडकीच्या घासीव काचेवर टेकवत. तेवढ्यापुरती काच आरपार होई. अंगठ्याएवढ्या खिडकीतून ते बघत — नको असलेला पाहुणा असला की आम्हाला ओठांवर बोट. खरखरीत बाजूला पाणी लागलं की ती दिसायला लागते. साधी गोष्ट! त्यांची जुनी काच आतून गुळगुळीत होती. एवढी वर्षं तिच्यासमोर आंघोळ केली, आणि हे ध्यानात आलं नाही.

म्हणजे हे सगळे दिवस, चष्मा बाहेर ठेवून. पहाट. वीज. जहाज, कमरेतून डावीकडे!

चिरंजीव स्टुलावर बसले. "मी रोज सकाळी आंघोळीआधी तिथं उठाबशा काढतो," ते म्हणाले. "चष्मा काढून, पाणी अंगावर घेऊन. ताजंतवानं वाटतं म्हणून."

मी सूनबाईंकडे बघायचं धाडस केलं नाही. त्याच म्हणाल्या, "मी पहिल्या दिवसापासून खिडकीवर टॉवेल टाकत होते." मग बादली उचलत, "तुमच्यावर विश्वास नव्हता असं नाही हं बाबा. पण हाताची काच..."

२३ मार्च

सकाळचा चहा झाला. मग चिरंजीव म्हणाले, "बाबा, आपलं बोलणं झालं होतं."

"झालं होतं."

"मला आवडतंय असं नाही."

"माहीत आहे."

"उद्या दूध, परवा किल्ली, आणि मी दिवसभर ऑफिसात. मला तिथं बसून धसका असतो हो."

आवाज चढला नव्हता. चढला असता तर मीही चढवला असता. एवढंच म्हटलं, "पुढच्या रविवारी सोड मला. पिशवी मी भरतो."

त्यांनी थोरलीला फोन लावला. ती म्हणाली म्हणे, "रविवार? बरं... बघते." चिरंजीव वैतागले. "बघते काय? बाप आहे, पडदा आहे का?"

पडद्याचा विषय नको होता.

२४ मार्च, सोमवार

जायचंच आहे तर माफी मागून जावं, म्हणून मुख्याध्यापिकाबाईंकडे गेलो. दार साखळीपुरतं उघडलं. नजर माझ्या डोक्यावरच्या भिंतीला.

"मी काहीही पाहिलेलं नाही," त्या म्हणाल्या. मी तोंड उघडायच्या आत.

"बाई, चूक माझी. खरखरीत बाजू..."

"पहिल्या दिवशी पाहिलं. भांडं पडलं. नंतर नाही." मग साखळी निघाली. "तुम्ही आंघोळ करताना हात का करता तसे?"

"कविता म्हणतो. हावभावांसहित."

"ते मी ओळखलं. ऐकू येत होतं ना! पाठांतर कच्चं आहे तुमचं. दुसरं कडवं तिसऱ्याच्या जागी म्हणता. जहाज आधी फुटतं आणि मग बंदरातून निघतं!"

मी थक्क. साठ वर्षं मी ते जहाज असंच बुडवत आलोय?

"मग... तुम्ही खिडकी लावलीत ती..."

"डोळ्यांसाठी. कानांसाठी नाही." पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. "आणि तुमच्या मुलाला सांगा, उठाबशा काढताना पाठ ताठ ठेवा म्हणावं."

चहा दिला. मी जाणार असल्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "काच उलटी करून घेतली की संपलं. त्यासाठी माणूस कशाला हलवायचा?"

म्हटलं, शब्द दिलाय.

"कुणापुढे?"

"मुलापुढे."

"हं," म्हणाल्या. या हंला शाळेत बहुतेक मुलं चळचळा कापत असतील.

२५ मार्च

निरोप चिरंजीवांना दिला नाही. पाठ ताठच ठेवतात हल्ली, आपोआप.

२७ मार्च

काचवाला आला. पुट्टी उकरून काच फिरवली, खरखरीत बाजू बाहेर. मला म्हणाला, "मी विचारलं होतं ना, आत?" हे त्यानं येताना, काम करताना आणि जाताना, तिन्ही वेळा म्हटलं.

चिरंजीव म्हणाले, "आणि पाऊस बाहेरून आला की?"

सगळे काचेकडे बघायला लागले. काचवाल्यानं डोकं बाहेर काढून वर बघितलं. "छज्जा आहे. मोठा आहे. वाचलात."

पण चिरंजीवांचा आता कशावर विश्वास उरलेला नाही. परीक्षा घ्यायची म्हणाले. सूनबाई समोर मुख्याध्यापिकाबाईंच्या स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहिल्या. इकडे चिरंजीव, पूर्ण कपड्यांत, बादली घेऊन. मी दारात.

बादली काचेवर. "दिसतंय का?" चिरंजीव ओरडले.

"काय दिसायला हवंय?" सूनबाई तिकडून.

"मी!"

"नाही!"

"हात हलवतोय!"

"कुठला?"

"उजवा!"

"नाही हो! नुसतं काहीतरी निळं आहे!"

"शर्ट आहे तो!" दुसरी बादली. "आता?"

मग मुख्याध्यापिकाबाईंचा आवाज, सबंध बोळाला ऐकू जाईल असा, "उठाबशा काढून दाखवा!"

आणि चिरंजीव — कचेरीत ज्यांच्यापुढे माणसं उभी राहतात असं ऐकलंय — चिंब भिजलेले, कान धरून, उठाबशा काढायला लागले. कान धरायला कुणी सांगितलं नव्हतं. तो आवाज ऐकला की हात आपोआप जात असावेत.

"काही दिसत नाही! उत्तीर्ण!"

सूनबाईंचं हसू तिकडून इकडे ऐकू येत होतं. चिरंजीवही हसले. ओल्या शर्टानं भिंतीला टेकून, खाली बसून, लहानपणी हसायचे तसे, आवाज न करता, नुसते खांदे. किती वर्षांनी! मीही हसलो. हसता हसता त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि वाटलं, आता म्हणतील, राहू द्या बाबा.

म्हणाले नाहीत. टॉवेल मागितला.

२९ मार्च, शनिवार

पिशवी भरली. चार शर्ट, दोन पायजमे, चष्म्याचं घर, औषधं. शाळेची कवितांची पुस्तकं काढून परत ठेवली. थोरलीचं घर लहान. एकच घेतलं, पाचवीचं. दुसरं कडवं दुसऱ्या जागी पाठ करायला.

सूनबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "बाबा, यांना मी म्हटलं होतं, राहू दे. हे म्हणतात, बाबांनीच शब्द दिलाय, मी मोडायला लावला तर त्यांना लागेल."

म्हणजे तो माझ्या शब्दाला थांबलाय आणि मी त्याच्या! दोघं मधे काच धरून उभे. त्याला माझी सावली दिसते, मला त्याची. बोट टेकवायचं कुणी?

मी जाऊन सांगू शकलो असतो. त्याच्या खोलीच्या दारापर्यंत गेलोही. तो आत गाडीचे टायर, हवा असलं काही फोनवर विचारत होता. उद्याची तयारी. परत आलो.

म्हातारपणी माणूस हट्टी होतो म्हणतात. मला वाटतं मी आधीपासूनच होतो, फक्त नोकरीत वेळ मिळाला नाही.

कॉटवर पडून खिडकीतून ढग बघितले. आजचे काही खास नव्हते. तेवढंच बरं.

३० मार्च, रविवार

सकाळीच आंघोळ उरकली, कवितेशिवाय. पिशवी दाराशी ठेवली. चिरंजीव गाडी काढायला खाली गेले. सूनबाई डबा भरत होत्या, डोळे पुसत होत्या, मिरचीला दोष देत होत्या.

बेल वाजली. वाटलं चिरंजीव, किल्ली विसरले. हसू आलं. घराण्यातच आहे.

दार उघडलं. थोरली.

दोन मोठ्या बॅगा, खांद्यावर तिसरी, हातात शिलाईचं मशीन. चेहरा रात्रभर उभ्यानं प्रवास केलेल्याचा. मागे जावई नव्हते. मी जिन्यात वाकून पाहिलं, नव्हतेच.

"बाबा, आत येऊ?"

स्वतःच्या घरात पोर असं विचारत नाही. मी म्हटलं, "अगं, आज आम्हीच निघालो होतो तुझ्याकडे..."

"माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणूनच आधी आले. तिथं आता माझं काही नाही, बाबा. परत जायचं नाही मला."

खालून चिरंजीवांनी हॉर्न दिला. एकदा. दोनदा.

तिच्या बॅगा उंबऱ्यावर अडकल्या होत्या. मधे माझी पिशवी होती. ती मी उचलली आणि आत नेऊन ठेवली.

"ये," म्हटलं.